कांचनजंगा, मुंबई

मुंबईत कंबाला हिल परिसरात पेडर रोडवर असलेली निवासी गगनचुंबी इमारत. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५), सहयोगी वास्तुशिल्पी प्रवीणा मेहता, संरचना अभियंता शिरीष पटेल. काम १९७० मध्ये हाती घेतले गेले व १९८३ मध्ये पूर्ण झाले. मजले २८, उंची सुमारे ८४ मीटर. तळाचा आराखडा २१ मीटर बाजूचा चौरस असल्याने उंची रुंदीच्या चौपट भरते. सदनिका मात्र फक्त ३२. मजल्यांच्या मानाने हा आकडा लहान दिसतो, कारण येथील घरे एका मजल्यात संपत नाहीत.

इमारतीचे महत्त्व उंचीत नाही. तिच्याहून कितीतरी उंच इमारती मुंबईत आता आहेत. मुंबईच्या हवेचा विचार मनोऱ्याच्या पातळीवर इतक्या खोलवर क्वचितच कोणी केला, म्हणून कांचनजंगाची नोंद घ्यावी लागते.

मुंबई बेटावर घराची तोंडे पूर्व-पश्चिम ठेवणे चांगले. पश्चिमेला अरबी समुद्र आणि त्यावरून येणारे वारे, पूर्वेला बंदर. अडचण अशी की दुपारचे तापलेले ऊन आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाची झडही पश्चिमेकडूनच येते. वारा हवा तर ऊन-पाऊस सोसावा लागतो, आणि ऊन-पाऊस अडवायला गेले तर वारा बंद होतो. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून यातून मार्ग काढला होता. कोकणातल्या घराची पडवीही हेच काम करते. ऊन आणि पाऊस तिच्यातच थबकतात, आतली खोली सावलीत व कोरडी राहते. जमिनीवरच्या घराला हे सहज जमते. पंचविसाव्या मजल्यावर व्हरांडा कुठून आणायचा, हा कोरियांपुढचा प्रश्न होता. नेपियन सी रोडवरच्या ‘सोनमर्ग’ या आधीच्या निवासी इमारतीत त्यांनी मुख्य खोल्यांभोवती अशा मधल्या जागांचा पट्टा ठेवून पाहिला होता.

कांचनजंगात व्हरांड्याची बाग झाली. मनोऱ्याच्या सपाट, पांढऱ्या भिंती कोपऱ्यांवर कापून तेथे दोन मजली उंचीच्या गच्च्या काढल्या आहेत. कोपऱ्यावर असल्याने त्या दोन बाजूंनी उघड्या राहतात. राहण्याच्या खोल्या मागे सरकल्या असून गच्चीच्या उंचीमुळे उजेड व वारा आतपर्यंत पोहोचतो. गच्चीवर माती भरून झाडे लावण्याची सोय आहे. तीनपासून सहा शयनगृहांपर्यंतच्या चार प्रकारच्या सदनिका एकमेकींत गुंतवलेल्या आहेत आणि घराच्या आतही जमिनीची पातळी थोडी वर-खाली होते. बाहेरून दिसणाऱ्या खाचा ही या आतल्या गुंतागुंतीची खूण आहे. इमारत पाहताना आधी लक्षात राहतात त्या याच खाचा.

कोपऱ्यात खांब उभा केला असता तर हे सारे फुकट गेले असते. म्हणून गच्च्या खांबाविना बाहेर झेपावतात, काही ठिकाणी ६.३ मीटरपर्यंत. वाऱ्याचा व भूकंपाचा आडवा जोर मुख्यतः मध्यभागी असलेला लिफ्टचा काँक्रीटचा गाभा पेलतो. तो बाकीच्या बांधकामाच्या आधी, स्लिपफॉर्म पद्धतीने उभारला. या पद्धतीत साचा दर मजल्याला सोडून पुन्हा बांधत नाहीत. काँक्रीट ओतत ओतत तो हळूहळू वर सरकवला जातो. भारतात बहुमजली इमारतीसाठी या पद्धतीचा हा पहिला वापर मानला जातो. वास्तुकलेच्या लेखनात पटेलांच्या वाट्याला येते त्याहून अधिक श्रेय त्यांना द्यायला हवे.

ही घरे धनिकांसाठी होती, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. ज्यांनी ती आखली त्याच तिघांनी, कोरिया, मेहता व पटेल यांनी, १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यातून नवी मुंबई आकाराला आली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाल्यावर कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. सर्वसामान्यांच्या घरांसाठी उंच मनोरे हा उपाय नाही. कमी उंचीची, दाटीने वसलेली, हळूहळू वाढवता येणारी घरे हवीत, असे त्यांचे ठाम मत होते. बेलापूरची त्यांची वसाहत त्याच मतावर उभी आहे. कांचनजंगा हा त्यांच्या कामातला अपवाद म्हणूनच वाचावा.

गिरण्या बंद पडल्यावर लोअर परळ, वरळी भागात मनोऱ्यांची दाटी झाली. त्यांतील वर्ल्ड वन ही इमारत २८० मीटर उंच, म्हणजे कांचनजंगाच्या तिपटीहून अधिक आहे. या नव्या उभारणीत बंद काचा आणि वातानुकूलन हाच रिवाज पडला. समुद्रावरचा वारा समोर असताना तो काचेबाहेर ठेवायचा आणि आत विजेवर गारवा करायचा, हा मार्ग मुंबईच्या हवेत चुकीचा आहे. कांचनजंगाने १९८३ मध्येच दुसरा मार्ग बांधून दाखवला होता. शहराने तो पुढे नेला नाही.