कामोव्ह-३१
कामोव्ह-३१ : विमानवाहू नौकेच्या ताफ्यावर चालून येणारी विमाने व क्षेपणास्त्रे दुरूनच हेरणारे रशियन बनावटीचे टेहळणी हेलिकॉप्टर. भारतीय नौदलात २००३ पासून वापरात. त्याची आयएनएएस ३३९ ही तुकडी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर उभी राहिली.

रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. सगळे दुखणे इथून सुरू होते. पाण्यापासून २५ मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला ५ मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र जेमतेम ३० किमीवर आल्यावर दिसते. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचे क्षेपणास्त्रही हे अंतर सुमारे पावणेदोन मिनिटांत कापते. रडारची ताकद वाढवून हा अडसर हटत नाही, उंचीच गाठावी लागते. सातारकरांना हे वेगळे सांगायला नको: महाबळेश्वरच्या सुमारे १,३७० मीटर उंचीवरून निरभ्र दिवशी पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते, घाटाखालच्या पोलादपुरातून नाही. कामोव्ह-३१ महाबळेश्वरच्या दुपटीहून अधिक, ३,००० ते ३,५०० मीटर उंचीवरून पाहते. तेवढ्या उंचीवर रडारचे क्षितिज सव्वादोनशे किमीपलीकडे सरकते.

पाकिस्तानशी झालेल्या १९७१ च्या युद्धात भारताला अशा हवाई टेहळणीची उणीव जाणवली नाही. बंगालच्या उपसागरात जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून सी हॉक व अलिझे विमाने उडत होती. पूर्वेकडील पाकिस्तानी हवाई दल काही दिवसांतच जमिनीला खिळले, त्यामुळे धास्ती उरली ती पाणबुडीची. 

धडा मिळाला तो ब्रिटनला. हवाई टेहळणीची गॅनेट विमाने त्यांनी १९७८ मध्ये जुन्या विमानवाहू नौकेबरोबरच निवृत्त केली होती. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या विमानांनी खालून येऊन एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडली. शेफील्ड ही विनाशिका गेली, २० नौसैनिक ठार झाले. मग अवघ्या ११ आठवड्यांत सी किंग हेलिकॉप्टरला सर्चवॉटर रडार जोडण्यात आले, पण ते रणांगणावर पोहोचेपर्यंत युद्ध संपले होते. या मोहिमेतील ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका हर्मीस हीच १९८७ मध्ये विराट नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. हवाई टेहळणीची ही उणीव प्रत्यक्ष भोगलेली नौका घेऊनही तिच्यासाठी टेहळणी हेलिकॉप्टर यायला आणखी १६ वर्षे लागावीत, याचे नवल वाटते.

भारताने १९९९ मध्ये चार आणि २००१ मध्ये पाच कामोव्ह-३१ मागवली. २००९ मध्ये आणखी पाचांची मागणी नोंदवली. एकाच दांड्यावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन पंखे असल्याने शेपटीला पंखा लागत नाही, म्हणून हे यंत्र आखूड असून लहान डेकवरही मावते. तलवार वर्गाच्या फ्रिगेटवरूनही ते उडू शकते. सुमारे ६ मीटर लांबीचा चपटा अँटेना एरवी पोटाला चिकटून असतो. हवेत गेल्यावर तो खाली सोडतात, त्याच्या आड येऊ नयेत म्हणून चाके वर ओढून घेतात आणि तो दर १० सेकंदांना एक फेरा घेतो. लढाऊ विमान १०० ते १५० किमीवर ओळखता येते. आत माणसे दोनच, वैमानिक आणि यंत्रचालक. माहिती आपोआप नौकेकडे जाते आणि लढाऊ विमानांना दिशा देण्याचे काम मुख्यतः नौकेवरच होते.

तरीही ही तडजोडच आहे. अमेरिका व फ्रान्सच्या नौकांवरील हॉकआय हे पंखांचे विमान अधिक उंच व अधिक दूर जाते आणि अधिक वेळ हवेत राहते, पण त्याला डेकवरून फेकणारे कॅटापल्ट लागते. भारताच्या विक्रमादित्य (२०१३) आणि नवी विक्रांत (२०२२) या विमानवाहू नौकांना ते नाही; त्यांची विमाने वर वळलेल्या टोकावरून उडतात. कामोव्ह-३१ टेहळणीच्या जागी सुमारे अडीच तास थांबते, त्यामुळे एक सतत हवेत ठेवायचे तर तीन-चारांची फेरपाळी लावावी लागते आणि डेकवरची तेवढी जागा लढाऊ विमानांना कमी पडते.