नोंदवहीतील माणसे

शिक्षा कृत्याला व्हावी, मनुष्याच्या असण्याला होऊ नये, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व मानले जाते. ते आपल्याच देशात किती दीर्घकाळ बाजूस ठेवले गेले, हे तृतीयपंथीयांविषयीच्या कायद्यांवरून दिसून येते.

दक्षिणेत या समाजाचे स्थान पूर्वी निराळे होते. मराठेशाहीत काही हिजड्यांकडे सनदी जमिनी, रोख नेमणुका आणि गावोगाव मागण्याचा हक्क चालत आलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालविण्याचे नाकारले. आधी उपजीविकेचा आधार गेला. फौजदारी बडगा त्यानंतर आला.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम निसर्गक्रमाविरुद्धच्या संभोगास शिक्षा सांगत होते. तथापि त्यासाठी पुरावा लागे. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे खैराती या व्यक्तीचे अपील आले. स्त्रीवेषात गाताना आढळल्यावरून तिच्यावर पोलिसांची नजर गेली आणि वैद्यकीय तपासणीच्या आधारे खालच्या न्यायालयाने तिला दोषी ठरविले. परंतु कृत्य केव्हा, कोठे व कोणाबरोबर घडले, हे आरोपात नव्हतेच. उच्च न्यायालयास शिक्षा रद्द करावी लागली.

असल्या प्रश्नांची अडचणच पडू नये, अशी तजवीज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात आधीच झालेली होती. त्याअन्वये केवळ संशयावरून 'नपुंसकां'ची नावे, घरे व मालमत्ता नोंदवहीत चढविता येत. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली अथवा नाचली, गायली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! तिला मृत्युपत्र करता येत नसे, बक्षीसपत्र देता येत नसे, दत्तक घेता येत नसे. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच तिचे नागरिकत्व संपत असे.

ब्रिटिश हिंदुस्थानात हा भाग १९११ साली गळाला. नवल असे की, त्यानंतर निजामाच्या राज्यात, ज्यात त्या वेळी मराठवाडाही होता, १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, त्याच धर्तीचा कायदा झाला. पुढे संस्थान विलीन झाले, भाषावार प्रांत झाले. पण तेलंगण भागापुरता तो कायदा पुस्तकात राहिलाच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिली, २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ व्या कलमातून मुक्त केले. तरी हैदराबादचा कायदा घटनाबाह्य ठरण्यास जुलै २०२३ उजाडावा लागला.

यावरून अभ्यासकाने एक बोध घ्यावा. राज्ये बदलली म्हणजे कायदे आपोआप बदलत नाहीत. कोणी तरी न्यायालयात उभे राहून विचारावे लागते की, आमचा गुन्हा कोणता? त्या प्रश्नाला जुन्या नोंदवहीत कधीच उत्तर नव्हते.