फाटकाबाहेर पडलेली माणसे

कामगार चळवळीतला माणूस चित्रपटाच्या इतिहासावर बोलणार, हे ऐकून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांचा दोष नाही. आमचे आयुष्य फाउंड्र्यांच्या आणि गिरण्यांच्या फाटकांसमोर गेले. चित्रपट आम्ही पिटातल्या बाकावरून पाहिले आणि त्यांच्याविषयी जे वाचले ते रात्री, जमेल तसे. परंतु चित्रपटाचा आणि फाटकाचा संबंध अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे. तेव्हा तेथूनच प्रारंभ करू.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली. त्या दिवशीच्या सहा तुकड्यांपैकी एकात एका कारखान्याची सुटी होती. फ्रान्समधील लियाँ शहरातला हा कारखाना ल्युमिएरांचा स्वतःचाच, छायाचित्रणाच्या सामानाचा. १८९५ साली मालकाने आपल्याच फाटकासमोर कॅमेरा लावला आणि पाऊण-एक मिनिटात कामकरी बाया, पुरुष, सायकलवाले, एक कुत्रा असे सारे त्यातून बाहेर पडले. या चित्राच्या तीन आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. एकीत दोन घोड्यांची गाडी आहे, दुसरीत एका घोड्याची आणि तिसरीत घोडाच नाही. म्हणजे 'सुटी झाली' हा प्रसंग मालकाने तीनदा वठवून घेतला. आम्हांला हे वाचून हसू आले. साहेबाच्या फोटोसाठी कामगारांनी स्वच्छ कपडे घालून उभे राहावे, ही रीत इतकी जुनी असेल असे वाटले नव्हते. त्या माणसांपैकी एकाचेही नाव चित्रात नाही. नाव आहे ते मालकाचे.

हे चित्र आज आपण खिशातल्या मोबाइलवर पाहू शकतो. ब्रिटिश पाथे या वृत्तचित्र कंपनीने २०१४ साली आपल्या संग्रहातील ८५,००० तुकडे यूट्यूबवर खुले केले. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ साली १८९९ ते १९४७ या काळातील हिंदुस्थानची चित्रे इंटरनेटवर मांडली. पूर्वी अशी फिल्म पाहायची तर अर्ज, परवानगी, प्रवास आणि ओळखपाळख लागे. आता कोल्हापुरातला एखादा कॉलेजचा पोरगा ती घेतो, कापतो, जोडतो, तिच्यावर हलगी वाजवितो आणि संध्याकाळपर्यंत हजार लोकांना दाखवितो. जुन्या फिल्मेचा हा जो नवा संसार सुरू झाला आहे, तो आमचा विषय आहे.

जुन्या रिळातून नवे चित्र करणे ही कल्पना मात्र नवी नाही. रशियात एस्फिर शुब नावाची एक संकलक बाई होऊन गेली. झारच्या घराण्याला आपले समारंभ चित्रित करवून घेण्याची मोठी हौस. क्रांतीनंतर ही रिळे तळघरांत पडून होती. शुबबाईंनी ती शोधून काढली, धुतली, तपासली आणि १९२७ साली त्यांतून रोमानोव्ह घराण्याच्या पतनाचा चित्रपट उभा केला. त्यातील एक जागा प्रसिद्ध आहे. जहाजाच्या डेकवर सरदार मंडळी नाचून नाचून घामाघूम झाली आहेत आणि कपाळ पुसत आहेत. त्याला लागूनच खणतीच्या कामावर घाम पुसणारा शेतकरी येतो. दोन्ही तुकडे जुने, दोन्ही खरे. झारच्या छायाचित्रकाराने नाच टिपला तेव्हा त्याच्या मनात धन्याचे कौतुकच असणार. दोन तुकडे एकापुढे एक ठेवताच कौतुकाचे आरोपपत्र झाले.

१९९५ साली ल्युमिएरांच्या त्या फाटकाला शंभर वर्षे झाली, तेव्हा हारून फारोकी या जर्मन दिग्दर्शकाने शंभर वर्षांतील निरनिराळ्या चित्रपटांतून कामगार कारखान्याबाहेर पडतानाची दृश्ये गोळा केली आणि एकामागून एक लावली. कोठे संप आहे, कोठे पहारा आहे, कोठे प्रियकर वाट पाहतो आहे. ती पाहताना ध्यानात येते की चित्रपटाचा कॅमेरा बहुतेक वेळा फाटकापाशीच थांबला. माणूस काम सोडून निघाला की त्याची गोष्ट सुरू होते. आत आठ तास काय चालते त्याची गोष्ट कोणी फारशी केली नाही. आम्ही तीस वर्षे फाटकसभा घेतल्या. आत शिरायला आम्हांलाही मज्जावच असे.

आता आपल्या घराकडे येऊ. कुस्तीच्या या गावाला सांगण्याजोगी गोष्ट अशी की मराठी माणसाने कॅमेरा हाती घेतला तो कुस्तीसाठी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची लढत चित्रित केली. पैलवानांची नावे उरली आहेत, कुस्ती गेली. कोणता डाव पडला हे आता सांगता येणार नाही.

फाळक्यांचे दैव थोडे बरे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याची काही रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्या खटपटीने वाचली. आज इंटरनेटवर शेकडो ठिकाणी ती '१९१३' असा शिक्का मारून फिरतात. कारंज्यात न्हाणाऱ्या त्या स्त्रिया, ज्या सगळ्या पुरुष होत्या, आपण सर्वांनी पाहिल्या असतील. परंतु फाळक्यांनी हा चित्रपट १९१७ साली पुन्हा काढला होता आणि उरलेली रिळे त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अशीच गत १८९९ सालच्या एका इंग्रजी तुकड्याची. त्यावर नाव आहे कलकत्त्याचे आणि चित्रात आहेत काशीचे घाट! ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला गंगा तेवढी दिसली. चुकीची चिठ्ठी एकदा चिकटली की कापणारे आणि जोडणारे हात ती पुढे नेत राहतात. ती काढायला शंभर वर्षे पुरत नाहीत.

कोल्हापुरापुढे मात्र चिठ्ठीचा प्रश्न पुढचा. आधी वस्तूच नाही. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आपण तेथून रोज जातो. त्या माणसाने आपला कॅमेरा स्वतः घडविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. दामले, फत्तेलाल आणि पुढे शांताराम हे त्याच कंपनीत राबून तयार झालेले कारागीर. १९२५ साली तेथे 'सावकारी पाश' झाला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. ही भूमिका शांतारामांची. देवदेवतांच्या त्या काळात आपल्या गावच्या मंडळींनी शेतकऱ्याचा कामगार कसा होतो हे पडद्यावर मांडले होते. बाबूरावांनी १९३६ साली हेच कथानक बोलपटात पुन्हा केले. पण १९२५ चा तो मूकपट आज नाही. आमचे आजोबा शिरोळकडची जमीन गहाण पडल्यावर शाहू मिलमध्ये लागले. त्यांची गोष्ट या गावाने एकदा चित्रित केली होती आणि ती जपता आली नाही, याची रुखरुख आम्हांला फार आहे.

ही रिळे गेली कशी, हेही समजून घ्यावे. त्या वेळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटे, उष्ण हवेत चिकट होई आणि शेवटी तिची पूड होई. शिवाय तिच्यात चांदी असे. चित्र चालेनासे झाले की चांदी काढून घेण्यासाठी रिळे विकली जात. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यांतले पुरे-अपुरे धरून मोजकेच उरले. बाबूरावांच्या कामापैकी १९२७ च्या 'मुरलीवाला'सारखे थोडे काही शिल्लक आहे. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओचे काय झाले, ते या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला संग्रहालयाच्या नायट्रेटच्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या काळातील रिळेही तीत गेली. प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी आपल्या गावात झाली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' येथलाच. तो पाहायला मिळतो, एवढे आपले भाग्य.

कायद्याने पाहाल तर चित्रपट प्रसिद्ध झाल्याच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे मालकी हक्क चालतो. नंतर ते चित्र सर्वांचे. त्या हिशेबाने 'अयोध्येचा राजा' केव्हाच लोकांच्या मालकीचा झाला. पण कायदा हक्क देतो, प्रत देत नाही. रीळ ज्याच्या कपाटात, त्याच्या दाराशी जावेच लागते.

या बाबतीत मुंबईच्या काही मंडळींनी जे केले आहे, ते आम्हांला फार पसंत पडले. २००८ साली 'पॅड.मा' आणि २०१३ साली 'इंडियनसिने.मा' ही दोन संकेतस्थळे निघाली. पहिल्यात पुरे चित्रपट कमी आणि माहितीपटांसाठी घेतलेले, पुढे कापून टाकलेले कच्चे चित्रण अधिक. दुसऱ्यात देशभरातल्या चित्रपटांची मांडणी. त्यांची युक्ती साधी आहे. चित्राखाली वेळेची एक लांब पट्टी असते. त्या पट्टीवर अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत खूण करून वाचकाने लिहायचे: ही जागा कोणती, हा माणूस कोण, येथे काय चालले आहे. चित्र तसेच राहते आणि भोवती माहिती साठत जाते. जुन्या पोथीच्या समासात टिपणे लिहीत, तसे हे. आमच्यासारख्या माणसाला यात एक गोष्ट मोलाची वाटते. पंडिताला जे ठाऊक नसते ते हमालाला ठाऊक असते. गाडीवर माल कोणता, बांधणी कोठली, हे तो एका नजरेत सांगेल.

सगळेच उपयोग असे शहाणे नसतात. मूकपट सेकंदाला साधारण सोळा चित्रांच्या गतीने काढीत. हजार फुटांचे रीळ त्या गतीने सोळा मिनिटे चाळीस सेकंद चालते. तेच आजच्या चोवीसच्या गतीने सोडले तर अकरा मिनिटांत संपते. जुनी माणसे तुरुतुरु पळताना दिसतात ती यामुळे, आणि आपण त्यांना हसतो. गती नीट केली की तीच माणसे भारदस्त चालू लागतात. ही दुरुस्ती योग्यच. परंतु २०२० साली रशियाच्या एका गृहस्थाने ल्युमिएरांचे आगगाडीचे चित्र संगणकाकडून सेकंदाला साठ चित्रांचे करून घेतले. म्हणजे पाहताना चारांतली तीन चित्रे यंत्राने मधल्या मध्ये कल्पून भरलेली. डोळ्यांना ते सुखद वाटते, हे कबूल. त्याने केले काय ते त्याने उघड सांगितले, हेही खरे. पण ती प्रत पुढे दहा हातांतून गेली की सांगणे गळून पडते आणि कल्पिलेले चित्र तेवढे उरते.

आम्ही या सगळ्याच्या नादी लागलो त्याला एक घरगुती कारण झाले. १९९४ च्या पावसाळ्यात उद्यमनगरातल्या फाउंड्री कामगारांचा बोनससाठी मोर्चा निघाला होता. लग्नाचे चित्रण करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने तो व्हीएचएस कॅसेटवर घेतला. कॅसेट आमच्या कपाटात पडून बुरशीने खाल्ली. २०२१ साली ती साफ करून घेतली तेव्हा अकरा मिनिटे हाती लागली. आम्ही मोठ्या हौसेने ती इंटरनेटवर टाकली. चिठ्ठी लिहिली नाही, हा दोष सर्वस्वी आमचा. दोन महिन्यांत त्यातले चाळीस सेकंद आमच्याच मोबाइलवर परत आले. आवाज बदललेला, दुसऱ्याच घोषणा, आणि खाली ओळ अशी की ही परगावची दंगलखोर टोळी. दुकानाची पाटी दिसत होती तेवढी कड सफाईने कापली होती. पुढच्या रांगेत आमचे तीन सहकारी होते. त्यांतले दोघे आता हयात नाहीत.

तक्रारी केल्या, त्यांतून फारसे निघाले नाही. मग दर रविवारी युनियनच्या कचेरीत जुन्या मंडळींना बोलावू लागलो. चित्र टीव्हीवर लावायचे, थांबवायचे आणि विचारायचे, हा कोण? कोणी मोल्डर निघे, कोणी भट्टीवाला. एका वहिनींनी आपले यजमान चेहऱ्यावरून नव्हे, डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीवरून ओळखले आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा तसंच राहू दे." आम्ही चित्र बराच वेळ तसेच थांबवून ठेवले.

आता ती अकरा मिनिटे तारीख, रस्ता, मागणी आणि वेळेनुसार नावे यांसह पुन्हा ठेवली आहेत. ज्याला कापायची, जोडायची, त्याने खुशाल घ्यावीत. स्पष्ट दिसणाऱ्या सेहेचाळीस चेहऱ्यांपैकी एकतीस जणांची नावे लागली आहेत. चौथ्या मिनिटाला डावीकडून येणारा, तुटक्या काडीची छत्री घेतलेला तो उंच माणूस कोण, हे अजून कोणाला सांगता आलेले नाही. या सभागृहात कोणी उद्यमनगरातले असेल, तर व्याख्यान संपल्यावर त्याने दाराशी जरा थांबावे. चित्र आम्ही बरोबर आणले आहे.