कलकत्त्याचा हाडमोड्या ताप

१८२४ च्या पावसाळ्यात कलकत्ता शहरात एक विलक्षण ताप पसरला. चालताबोलता माणूस काही तासांत अंथरुणाला खिळे. सांधे असे धरत की कूस बदलणेही जिवावर येई. दोन-तीन दिवसांत ताप उतरे आणि मृत्यू क्वचितच येई. त्यामुळे पटकी आणि हिवताप यांनी गांजलेल्या त्या शहराला ही साथ सौम्यच वाटली असली पाहिजे. शहरातील युरोपियन डॉक्टरांनी आदल्याच वर्षी ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’ स्थापन केली होती. १८२५ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या खंडात या तापाची वर्णने आली आहेत. ताप गेल्यावरही आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, माणसे गुडघे आणि घोटे धरून चालत. डॉक्टरांच्या लेखी मात्र ताप उतरला म्हणजे रोग संपला. वस्तुतः रोगाची खरी ओळख त्या मागे राहिलेल्या सांधेदुखीतच होती, आणि ती पटण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

या तापाची हकीकत कलकत्त्याच्याही आधी सुरू होते. १७७९ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डेव्हिड बायलॉन नावाच्या डच वैद्याने अशाच एका तापाचे वर्णन केले. तो स्वतःच त्या साथीत सापडला होता. त्याने रोगाला दिलेल्या डच नावाचा अर्थ ‘पेरांचा ताप’ असा होतो. स्वतःचे सांधे दुखल्यावाचून वैद्याला नाव सुचत नाही, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पुढे १८२३ मध्ये झांझिबारला, १८२४ मध्ये हिंदुस्थानात आणि पुन्हा १८७० मध्ये झांझिबारहून निघून एडन, मुंबई या मार्गाने १८७१-७२ मध्ये कलकत्त्यास, असा या रोगाचा प्रवास व्यापारी जहाजांच्या वाटेने झालेला दिसतो. तोवर या साऱ्या तापांना ‘डेंग्यू’ हे एकच नाव पडले होते. एका नावाखाली दोन निरनिराळे रोग नांदत आहेत, ही शंका घेण्यास तेव्हा साधन नव्हते.

ते साधन मिळाले विसाव्या शतकात. १९५२-५३ मध्ये टांगानिकाच्या दक्षिणेकडील माकोंडे पठारावर आलेल्या साथीत एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला. वेदनेने वाकून गेलेल्या माणसासाठी तेथील लोकांच्या भाषेत जो शब्द होता, तोच रोगाचे नाव झाला: चिकुनगुन्या. (आपल्याकडे पुढे या नावावरून कोंबडी खाल्ल्याने रोग होतो असा समज पसरला. कोंबडीचा यात काडीचाही संबंध नाही.)

१९६३ मध्ये कलकत्त्यात पुन्हा तापाची मोठी साथ आली. या खेपेस काही रोग्यांना रक्तस्राव होऊ लागला, म्हणून घबराट अधिक. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनने रोग्यांचे नमुने जमविले. त्यांच्या तपासणीत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. हे केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले होते आणि आज ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. तपासणीत डेंग्यू आणि चिकुनगुन्या असे दोन्ही विषाणू एकाच शहरात, एकाच ऋतूत वावरत असल्याचे आढळले. पुण्याच्या डॉ. खुर्शीद पावरी यांनी याच सुमारास कलकत्ता आणि जमशेदपूर येथे १९६३ पूर्वी घेतलेले रक्ताचे नमुने तपासले, आणि त्यांतही चिकुनगुन्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मिळाली. पाहुणा म्हणून ज्याची नोंद झाली, तो या शहरात आधीही येऊन गेला होता. वेल्लोर येथे काम केलेले डोनाल्ड केरी यांनी १९७१ मध्ये जुन्या साथींची वर्णने पुन्हा वाचून असे प्रतिपादन केले की, १७७९, १८२४ आणि १८७१ च्या साथी बहुधा चिकुनगुन्याच्याच होत्या. त्यांच्या मांडणीचा आधार होता, रेंगाळणारी सांधेदुखी.

या शहरातच रोगाला थारा का मिळावा? १८९८ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा डासांतून होणारा प्रसार येथेच सिद्ध केला. परंतु हाडमोड्या तापाचा डास, एडीस, दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जुन्या कलकत्त्यातील घरांतून चौबच्चा असे, म्हणजे पाणी साठविण्याचा पक्का हौद. त्याची अंडी हौदाच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, भिंती घासाव्या लागतात. आपल्याकडील रांजण आणि टाक्या यांनाही हाच नियम लागू. १९६५ मध्ये नागपूरला आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला साथ आली. बार्शीत सुमारे ३७ टक्के लोक आजारी पडले. मग जवळजवळ तीन दशके शांतता. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथील डासांत विषाणू सापडला, तो कलकत्त्याच्या आशियाई वंशाचा नसून आफ्रिकी वंशाचा होता. २००६ मध्ये देशभर सुमारे १४ लाख संशयित रोगी नोंदले गेले.

आता त्या मागे राहणाऱ्या गुडघ्यांविषयी. बहुतेकांची वेदना काही आठवड्यांत ओसरते. काहींची मात्र महिने, क्वचित वर्षेही टिकते. वयस्कांची आणि ज्यांचे सांधे आधीच झिजलेले आहेत त्यांची अधिक. विषाणूला मारणारे खास औषध नाही. ताप असताना विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल एवढेच पुरे. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामके घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. कलकत्त्याच्या १९६३ च्या साथीत दोन्ही विषाणू एकत्र होते, हे येथे आठवावे. स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेणे तर घातकच.

ताप उतरल्यावर मात्र अंथरूण धरून बसणे सांध्याला मानवत नाही. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि तो द्रव तिच्यात मुरण्यासाठी सांध्यावर भार पडावा व सुटावा लागतो. म्हणून सूज उतरू लागली की खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, क्षणभर धरावा आणि सावकाश खाली आणावा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण ते वाटून घेतात. सपाट रस्त्यावर थोडे थोडे चालावे. उकिडवे बसणे आणि जिने चढणे काही काळ टाळलेले बरे. वजनाचा हिशेब तर सरळच आहे: शरीराचे वजन एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

आणि डॉक्टरांकडे जाताना नुसते ‘गुडघे दुखतात’ असे सांगून थांबू नये. दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता काय, कोणत्या तारखेस, घरात आणखी कोणास आला होता, हेही सांगावे. चिकुनगुन्याची पहिली प्रतिद्रव्ये तापाच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्तात दिसू लागतात आणि पुढे काही महिने राहतात. ज्या दुखण्याला वाताचे म्हणून वर्षानुवर्षे तेल चोळले गेले असते, त्याचे कारण तेवढ्यात एका साध्या चाचणीने कळू शकते.