झाकणाखालचा इतिहास

सेप्टिक टाकीचा इतिहास लिहिला जातो तो साहेबांचा. फ्रान्सात १८६० च्या सुमारास मूरास नावाच्या माणसानं बंद टाकी बांधली, १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढं इंग्लंडात एक्सेटर गावी कॅमेरननं १८९५ च्या सुमारास तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. शोध मोठाच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण टाकी उपसली कुणी, हे त्या इतिहासात नाही. ते आपल्यालाच लिहावं लागणार.

टाकीचं काम साधं. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. हवेविना जगणारे जंतू मैला खातात, पण सगळा खात नाहीत. उरलेला गाळ चढत जातो. म्हणून दोन-तीन वर्षांनी उपसा करावाच लागतो. नाही केला तर गाळ शोषखड्ड्यात शिरतो, माती बुजते, मग खड्डाच नवा खणावा लागतो. घरमालक मात्र तुंबेपर्यंत थांबतो. तोवर गाळ घट्ट झालेला असतो, पंपाला ओढत नाही. मग माणूस उतरवतात. कोणता माणूस? त्याची जाहिरात द्यावी लागत नाही. मेहतर, रुखी, वाल्मीकी वस्तीचा पत्ता सगळ्यांना पाठ असतो.

आता सरकारी कागद बघा. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, दिल्लीनं १९५७ मध्ये मलकानी समिती. सूर एकच, डोक्यावरची पाटी उतरवा. १९९३ मध्ये कायदा झाला तो कोरड्या संडासाविरुद्ध. पाण्याचा संडास बांधला की मालक सुटला. पाटी डोक्यावरून उतरली आणि माणूस गळ्याइतका टाकीत गेला. पाटीनं विटाळ दिला होता, टाकी मरण देते. हायड्रोजन सल्फाईड वायू फार झाला की त्याचा वासच येईनासा होतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. म्हणून एकेका टाकीत दोन-दोन, तीन-तीन मढी निघतात.

२०१३ च्या कायद्यानं टाकीचं नाव घेतलं. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवला तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अशा मरणाला १० लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मधल्या काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, गोवंडीत एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. कायदा होता, निकालही होता. तरी त्यांच्या बायकांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठं सप्टेंबर २०२१ मध्ये १०-१० लाखांचा हुकूम निघाला.

आता आपल्यातल्याही कैकांनी घरं बांधलीत, टाक्या बांधल्यात. त्यांना सांगणं आहे. उपसा करणाऱ्या गाडीचा पाईप पोचेल अशी वाट ठेवा. टाकीचं झाकण फरशीखाली गाडू नका. तुंबायची वाट न बघता गाडी बोलवा. जागा असेल तर दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की बंद, दुसरा चालू. वर्ष-दीड वर्षात बंद खड्ड्यातल्या मैल्याचं खत होतं.

आणि वस्तीतल्या पोरांना सांगा, मालक कितीही नोटा दाखवू दे, आत उतरायचं नाही. म्हणावं, गाडी मागव.