पथकनेतृत्व-प्रशिक्षण, वणवा-नियंत्रणातील (अमेरिका)

वणवा आटोक्यात आणणाऱ्या छोट्या पथकांच्या प्रमुखांना दिले जाणारे प्रशिक्षण. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून झाडोरा काढून केलेला मोकळा पट्टा) काढणारे अमेरिकी पथक साधारणतः १८ ते २० जणांचे असते. त्याच्या तुकड्या पाडतात. प्रत्येक तुकडीला एक नायक व सर्वांवर पथकप्रमुख असतो. एका प्रमुखाच्या थेट हाताखाली तीन ते सात माणसे असावीत, असा संकेत आहे.

इतिहास : ५ ऑगस्ट १९४९ रोजी माँटाना राज्यातील मॅन गल्च या घळीत १५ अग्निशामक हवाई छत्रीने उतरले, खाली असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. रेडिओची छत्री न उघडल्याने तो आपटून फुटला. आगीने नदीकडची वाट अडवल्यावर पथकप्रमुख वॅगनर डॉज यांनी पथकाला चढाकडे वळवले, पुढे हत्यारे टाकून द्यायला सांगितले आणि ज्वाला अगदी जवळ येताच समोरचे वाळके गवत स्वतःच पेटवले. जळून गेलेल्या त्या पट्ट्यात शिरा, अशी हाक त्यांनी दिली. एकही जण थांबला नाही. डॉज राखेत पालथे पडून वाचले, दोघे कड्याच्या फटीतून माथ्यावर पोहोचले, १३ जण मृत्यू पावले. डॉज यांच्या आगीनेच काहींची वाट अडली काय, याविषयी मतभेद आहेत. प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे : या पथकाचा डॉज यांच्या हाताखाली एकत्र सराव फारसा झालेला नव्हता, आणि असा उपाय कोणाला शिकवलेलाही नव्हता. संघटन-अभ्यासक कार्ल वाइक यांच्या १९९३ मधील लेखाने ही घटना नेतृत्वाच्या अभ्यासात कायमची आणली.

१९५७ मध्ये वणवा विझवणाऱ्यांसाठी दहा स्थायी आदेश ठरले. १९९१ मध्ये अग्निशामक पॉल ग्लीसन यांनी टेहळणी, संपर्क, निसटवाट व सुरक्षित जागा ही चतुःसूत्री मांडली. तरीही ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोतील साउथ कॅन्यन वणव्यात १४ जण दगावले. जीव घेऊन पळतानाही काहींनी हत्यारे टाकली नव्हती. नियम पाठ असणे पुरत नाही हे तेव्हा मान्य झाले आणि नेतृत्वाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आखले गेले. यार्नेल हिल वणव्यातील (२०१३, १९ मृत्यू) दुर्घटनेच्या कारणांबाबत अहवालांत एकवाक्यता नाही.

पद्धती : सर्वांत परिणामकारक पद्धत म्हणजे दुर्घटनास्थळाची अभ्यासफेरी, ती लष्करी शिक्षणातून आली. प्रशिक्षणार्थी त्याच चढावर उभे राहतात. त्या क्षणी पथकप्रमुखाला जेवढे ठाऊक होते तेवढेच त्यांना सांगतात आणि ‘आता तुमचा हुकूम काय?’ असे विचारतात. वाळूच्या नकाशावरील सरावही होतो. कामगिरीनंतर पथक एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे शोधते : काय ठरले होते, काय घडले, तसे का घडले, पुढच्या वेळी काय करायचे.

नकाराचा अधिकार : या प्रशिक्षणाचा हा गाभा मानला पाहिजे. धोकादायक वाटणारी कामगिरी कारण सांगून व शक्य तेथे पर्याय सुचवून नाकारता येते. तीच कामगिरी दुसऱ्या पथकाला देताना आधीचा नकार व त्याची कारणे त्या पथकाला सांगणे वरिष्ठावर बंधनकारक आहे.

भारत : अग्निशमन अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात होते, जंगलातील वणवे मात्र वनखात्याच्या अखत्यारीत येतात.