फायबरची जुनी होडी : घासण्याआधी वाचा

वैतरणा आणि सफाळे स्थानकांच्या दरम्यान खाडीत वाढीव-वैतीपाडा आहे. तिथून अर्नाळा, दातिवरे, सातपाटीपर्यंत फिरलात, तर कुठल्यातरी अंगणात पालथी घातलेली फायबरची होडी दिसेलच. मालक म्हणेल, दुरुस्तीला काढलीय. आपण संशोधकांनी काय म्हणायचं? हा दस्तऐवज आहे, आणि उद्या ग्राइंडर फिरला की त्यातली काही पानं जातील.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेम्स हॉर्नेलने १९२० साली भारतीय नौकांच्या रचनेवर लिहिलं, तेव्हा विषय लाकडाचा होता. अमेरिकेत ओहायोतल्या रे ग्रीनने १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची छोटी होडी बनवली. पुढे युद्धानंतर हे साहित्य जगभर पसरलं. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १९७९ साली सुरू झालेल्या बंगाल उपसागर कार्यक्रमाने फायबरच्या होड्यांच्या चाचण्या घेतल्या. पण 'आपल्या गावात फायबर कधी आलं?' याचं उत्तर असल्या मोठ्या तारखांत मिळत नाही. ते होडीत शोधावं लागतं.

कसं? मागची फळी बघा, जिच्यावर इंजिन लटकतं. फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरतं आणि ते कुजतं. बुजवलेल्या भोकांचे दोन-तीन संच दिसले, तर इंजिन बदललं असण्याची दाट शक्यता आहे. रंगाचे थर मोजा. काही ठिकाणी फायबरखाली लाकडी फळ्याच निघतात, म्हणजे जुन्या होडीवर नुसता थर चढवलेला.

आता अडचण अशी की चांगली दुरुस्ती हाच पुरावा खाते. तडा गेलेला भाग जाडीच्या साधारण बारा पट रुंदीपर्यंत उतरता घासतात. पाच मिलिमीटर जाडी असेल तर साठ मिलिमीटर, तेही प्रत्येक बाजूला. मग मॅट आणि रेझिनचे थर चढतात. लाकडी होडीत नवी फळी जुनीपासून वेगळी ओळखू येते. इथे वरून रंग मारला की जोड दिसतसुद्धा नाही.

म्हणून घासण्याआधी पट्टी ठेवून फोटो घ्या, भोकांची अंतरं लिहा, परवानगी असेल तर कापलेला तुकडा जपून ठेवा. एक मात्र लक्षात असू द्या. भोकं 'काय बदललं' ते सांगतात, 'कधी' ते नाही. साल हवं असेल तर इंजिनाची पावती, सोसायटीची कर्जवही आणि मालकाची आठवण, तिन्ही समोरासमोर ठेवा. जुळलं नाही तर तसंच नोंदवा, ओढूनताणून जुळवू नका.

आणि हो, ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याआधी होडी पाण्यात जायलाच हवी, घर तिच्यावर चालतं. तुमच्या नोंदींसाठी त्याचा एक दिवसही अडवू नका. मालकाने ग्राइंडर हातात घेण्याच्या आदल्या दिवशी पोचा. मास्क न्या, काचेची धूळ वाईट असते.